टेबलाखालच्या वायरी

कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तिच्या कानात एक डॉक्टर बोलत होते. पेशंटच्या डाव्या गुडघ्याला सूज आहे, रात्री दुखणं वाढतं, असं काहीतरी. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करून पाठवायचे, हे तिचं काम. ते ती घरूनच करायची. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. "गुडघा वाकवताना" एवढं म्हणून डॉक्टर गप्प झाले आणि स्क्रीन काळी पडली. तिने पेडल सोडलं, पुन्हा दाबलं. मग हेडफोन तसाच कानावर ठेवून ती काळ्या स्क्रीनकडे बघत बसून राहिली.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. "अगं, टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरतंय!"

त्या घरात आता या दोघीच राहत होत्या. नवरा थंडीच्या सुरुवातीला गेला. गेला म्हणजे वारला नाही, घर सोडून गेला; शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या ऑफिसातल्या एका बाईकडे. जाताना भांडण नाही, आदळआपट नाही. "मी आता तिकडेच राहणार आहे," तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "बरं." नंतर तिची बहीण फोनवर ओरडली होती, बरं काय म्हणालीस, बरं म्हणतात का अशा वेळी! पण अशा वेळी काय म्हणतात ते तिला खरंच सुचलं नव्हतं. तेव्हापासून ती झोपत होती, जेवत होती, रिपोर्ट टाइप करत होती. आपल्याला कधीतरी रडू येईल म्हणून तिने सुरुवातीला वाटही पाहिली. आलं नाही. दाढेला भूल दिली की आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. फक्त ही भूल उतरत नव्हती.

आईला तो बरोबर नेईल, असं सगळे धरून चालले होते. त्याने नेलं नाही, आणि सासूबाईही गेल्या नाहीत. त्यावर दोघींनी एकमेकींपाशी चकार शब्द काढला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथला दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नसलेला माणूस. पिशवी खाली ठेवून, गुडघ्यांवर बसून त्याने टेबलाखाली बॅटरी मारली.

"अरे बापरे," तो म्हणाला. "ताई, इथे तर जंगल वाढलंय."

तीही वाकली. तिथे ती रोज पाय ठेवून बसायची, पण खाली काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं. काळ्या, करड्या, पांढऱ्या वायरी एकमेकींत गुरफटून भिंतीपर्यंत गेल्या होत्या. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड, त्यात तिसरा. सगळ्यावर धुळीची गोधडी.

"हे कुणी केलंय?"

"मिस्टरांनी."

"मग त्यांनाच विचारू की कशात काय जातंय ते. कधी येतात घरी?"

"येत नाहीत."

दुरुस्तीवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. "बरोबर, बरोबर," असं काहीतरी पुटपुटला आणि आणखी आत सरकला. बाहेर फक्त त्याचे मोजे दिसत राहिले.

त्याला दोष लवकर सापडला. मधल्या बोर्डाचं एक भोक जळून काळं झालं होतं. "हेच! तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही, उगाच घाबरलात," त्याने ठासून सांगितलं. ती घाबरली नव्हती. त्याने नवा बोर्ड लावला. राउटरचे दिवे लागले. बाहेर टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्याने हसायला लागलं. कॉम्प्युटर मात्र ढिम्म. दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं, वायर बदलली, पुन्हा दाबलं, मागून कान लावून ऐकलं.

"माझा अंदाज चुकला," तो म्हणाला. "आतला बोर्ड गेलाय याचा. वॉरंटी आहे का?"

बिल खणात होतं. वॉरंटी अजून शिल्लक होती.

"मग मी हात लावत नाही. मी एक स्क्रू काढला तर कंपनीवाले हात वर करतील. त्यांच्या सर्व्हिस सेंटरला न्या." त्याने उठता उठता टेबलाखाली पुन्हा नजर टाकली. "पण आलोच आहे तर हे साफ करून देऊ का? यातल्या निम्म्या वायरी नुसत्याच पडल्यात. दोन्ही टोकं मोकळी."

"द्या," ती म्हणाली.

तो एकेक वायर सोडवून बाहेर टाकू लागला. लादीवर ढीग वाढत गेला. सासूबाई टीव्ही सोडून आल्या आणि खुर्ची ओढून दारात बसल्या.

"ही कशाची?" दुरुस्तीवाला विचारायचा.

"माहीत नाही," ती म्हणायची.

"आणि ही?"

"माहीत नाही."

"ती कॅमेऱ्याची," सासूबाई म्हणाल्या. "कॅमेरा प्रवासात हरवला. ही दाढीच्या मशीनची. ती जाडी आहे ना, ती पहिल्या प्रिंटरची. शाई गळायची त्याची, सगळे शर्ट निळे."

"आजींना सगळा हिशेब पाठ आहे," दुरुस्तीवाला हसला.

"मुलगा माझा. हिशेब नको का पाठ?" सासूबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

शेवटी दोन मेलेले राउटर, डोळे मिटलेला एक वेबकॅम, पत्त्याच्या कॅटएवढी एक काळी डबी, आणि मूठभर कुणाचेच नसलेले चार्जर निघाले. दुरुस्तीवाल्याने सगळं एका खोक्यात भरलं. टेबलाखाली आता दोनच वायरी उरल्या, त्याही भिंतीला चिकटवून सरळ नेलेल्या. ती खुर्चीत बसली आणि तिने पाय पुढे केले. ते थेट भिंतीपर्यंत गेले.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर बँकेसारखं होतं. टोकन घ्यायचं, खुर्चीत बसायचं, आपला आकडा लागला की काउंटरवर जायचं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, आजारी मांजर घेऊन बसावं तसे. तिचा आकडा लागला तेव्हा तिने कॉम्प्युटरचा डबा उचलून काउंटरवर ठेवला. काउंटरवरच्या मुलीने बिलावरचा नंबर टाकला.

"मॅडम, हे सरांच्या नावावर रजिस्टर आहे. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"ते इथे नाहीत."

"फोन करून विचारा ना. त्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही."

मुलगी आपल्या स्क्रीनकडे बघत थांबली. मागे लोक होते. तिने फोन काढला. तो गेल्यापासून तिने त्याला एकदाही फोन केला नव्हता, म्हणून नाव शोधायला बरंच खाली जावं लागलं.

"हं, बोल," तो म्हणाला. आवाज नेहमीचा, दूध आणायला सांगायला फोन केला असता तरी असाच आला असता.

"तुझ्या फोनवर एक नंबर येईल. तो सांग."

"कसला नंबर?"

"कॉम्प्युटर बिघडलाय. वॉरंटी तुझ्या नावावर आहे."

"काय गेलं? बोर्ड?"

"तसं म्हणतात."

"आधी पंखा आवाज करत होता का?"

"लक्ष नव्हतं."

"तरी मी सांगायचो, मधूनमधून धूळ काढत जा." त्याच्या मागे कुणीतरी भांडी आवरत होतं. एक झाकण पडलं आणि गोल फिरत शांत झालं. "आला बघ. घे."

त्याने आकडे सांगितले, तिने मुलीला सांगितले, मुलीने टाइप केले. मग मुलीने घडाघडा म्हणून टाकलं की बोर्डाबरोबर आतली डिस्कही बदलली जाईल, जुनी परत मिळत नाही, आतलं सगळं जाईल, मान्य असेल तर इथे सही. तिने सही केली.

"आणि मॅडम, मालकाचा नंबर बदलून घेता का? म्हणजे पुढच्या वेळी त्रास नको. त्यालाही सरांच्याच फोनवर ओटीपी जाईल."

फोन अजून चालू होता. "आणखी एक नंबर येईल," तिने त्याला सांगितलं. "नाव बदलतायत."

"कुणाचं?"

"मालकाचं."

"म्हणजे तुझ्या नावावर?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. या वेळी आकडे त्याने सावकाश सांगितले, एकेक सुटा करून. मग म्हणाला, "आई कशी आहे?"

"बरी आहे."

"आतलं सगळं पुसतील ते. ती काळी डिस्क टेबलाखाली असेल बघ, लहानशी. मी बॅकअप घ्यायचो तिच्यात."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. मुलगी पावतीवर शिक्का मारत होती. तिला तो शिक्का मारल्याचा आवाज आवडला, बाकी काही नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "त्याला फोन केलास?"

"करावा लागला."

"काय म्हणाला?"

"आकडे सांगितले."

"आणि?"

"तुमची चौकशी केली."

"मला फोन करून विचारायला काय धाड भरली होती?" सासूबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खोक्यातली काळी डबी ती दुकानात घेऊन गेली आणि दुरुस्तीवाल्याने ती तिथल्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. ती त्याच्या मागे उभी राहून बघत होती. तिला हवे होते ते तिचे शॉर्टकट. रिपोर्टात तीच ती वाक्यं येतात, म्हणून तिने दोन-दोन अक्षरांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. दोन कळा दाबल्या की "हृदयाचे ठोके नियमित आहेत" उमटायचं. आणखी दोन दाबल्या की "पेशंटने तक्रार नाकारली." लग्नाच्या आधीपासून, एकेक करत जमवलेल्या शेकडो खुणा. त्यांच्याशिवाय ती निम्म्या वेगानेही काम करू शकली नसती.

"फोटो आहेत," दुरुस्तीवाला म्हणाला. समुद्रकिनारा, कुणाचं तरी लग्न, ती हसतेय, तो हसतोय, सासूबाई डोळ्यांवर हात धरून उभ्या. "फोटोच फोटो. फार व्यवस्थित लावलेत, वर्षावार."

"माझी कामाची फाइल?"

त्याने खालपर्यंत शोधलं. "नाही ताई. फोटोंशिवाय काहीच नाही घेतलेलं."

डबी तिने घरी आणून सासूबाईंच्या हातात दिली. "यात फोटो आहेत. तुमच्याकडे ठेवा."

"मी काय करू याचं?"

"माहीत नाही."

काम नव्हतं. कामाच्या कंपनीला तिने कळवून टाकलं होतं. सकाळ झाली की ती सवयीने टेबलापाशी बसायची, मग उठायची. सासूबाईंच्या गोळ्या काढून द्यायची, कपडे वाळत घालायची, वाळलेले कपडे पुन्हा तपासायची. घर एवढं शांत होतं की फ्रिज थांबला की दोघी मान वर करायच्या.

अशाच एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "ताईचा फोन आला होता." ताई म्हणजे त्यांची मुलगी, तिची नणंद. "म्हणते, इकडे ये. मुलांची खोली रिकामीच आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करून सांगते म्हटलं." त्या टॉवेलची घडी घालत होत्या. घालून झालेली घडी मोडून पुन्हा घातली. "मुलगा घरात नाही आणि आई ठाण मांडून बसलीय. लोक काय, तूही म्हणत असशील मनात."

"मी काही म्हणत नाही."

"तेच ना. तू काहीच म्हणत नाहीस."

यावर काय बोलायचं ते शोधायला ती आत, आपल्या मनात गेली आणि तिथे काही सापडलं नाही. मग उठून सासूबाईंनी माळ्यावरची बॅग कशी काढायची ते विचारलं. तिने स्टुलावर चढून बॅग काढून दिली. फडक्याने पुसूनही दिली.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला.

"तुझा कॉम्प्युटर तयार झालाय," तो म्हणाला. "मेसेज मलाच आला. नाव बदललं तरी नंबर माझाच धरून बसलेत."

"आणते जाऊन."

"मी येऊ का लावून द्यायला? रविवारी मोकळा आहे. त्या वायरींचं दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

"वायरी काढल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या कशाला काढल्या?" तो म्हणाला. त्याच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "त्यातल्या काही लागायच्या."

"कशाला?"

"लागायच्या," तो पुन्हा म्हणाला. तिने फोन ठेवला.

सर्व्हिस सेंटरमध्ये गर्दी होती. काउंटरवर तीच मुलगी. तिने काउंटरवरची वायर लावून कॉम्प्युटर चालू करून दाखवला. निळी, कोरी स्क्रीन, कोपऱ्यात एकच चिन्ह. मग ती वायर काढून मुलीने डबा पुढे सरकवला आणि पुढचं टोकन पुकारलं.

"याची वायर?" तिने विचारलं.

"वायर आमच्याकडे जमा नाही होत, मॅडम."

"मी दिली होती. याच्या मागे लावलेलीच होती."

"पावतीवर नाही लिहिलेली."

"तुम्ही लिहिली नाहीत."

"मॅडम, बाहेर कुठेही मिळेल तशी. पुढचे कोण आहेत?"

पुढचे गृहस्थ तिच्या खांद्यावरून आपला लॅपटॉप पुढे करू लागले. आणि तिला एक आवाज ऐकू आला. उंच, फाटलेला, कुणातरी बाईचा.

"माझी वायर द्या!"

तो तिचाच होता. हॉलमधले सगळे वळले.

"मी ती आणली होती! माझी होती ती! लिहिली नाही म्हणजे नव्हती का? लिहिलं नाही म्हणजे काय काहीच नव्हतं? बाहेर मिळेल म्हणून मी बाहेर का जाऊ? आत जा आणि शोधा! मी हलणार नाही इथून!"

तिने दोन्ही हात काउंटरवर आपटले. पेनं ठेवलेला डबा उडाला, पेनं सगळीकडे पसरली. मागच्या गृहस्थांनी लॅपटॉप छातीशी धरला. आतून एक साहेब आले, काय झालं, काय झालं करत. मुलगी रडवेली होऊन आत गेली आणि एक वायर घेऊन आली. वायरीला कागदाचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर तिच्या मागच्या खेपेच्या टोकनचा आकडा होता.

"सॉरी मॅडम," साहेब म्हणाले.

तिने वायर घेतली. बाहेर येऊन ती पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. गाल गरम झाले होते. येणारे-जाणारे वळून बघत होते. ती ओक्साबोक्शी रडली, नाक गळेपर्यंत. रुमाल नव्हता, तेव्हा ओढणीला नाक पुसलं आणि रिक्षा केली.

दार उघडलं तर समोर सासूबाईंची बॅग. भरलेली, चेन लावलेली, वर छत्री ठेवलेली.

"ताई संध्याकाळी येतेय न्यायला," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय गं? काय झालं?"

"ती बॅग आत ठेवा," ती म्हणाली.

"अगं पण..."

"आत ठेवा म्हटलं ना! इथे कशाला काढून ठेवलीत? मला विचारलंत का जाताना? तोही विचारून नाही गेला, आता तुम्हीही चाललात!"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये!"

"ओरडतेयस," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसल्या. त्यांची हनुवटी हलत होती. मग त्या म्हणाल्या, "एवढे दिवस काय दातखीळ बसली होती का तुझी?"

बॅग आत नेली ती तिनेच. संध्याकाळी नणंद आली, चहा प्यायली, दोघींचे सुजलेले डोळे पाहून काही न विचारता थोडा वेळ बसली आणि एकटीच परत गेली.

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावायला आला. वायर जोडताना त्याने विचारलं, "टेबल याच कोपऱ्यात हवं का? वायरी इथवरच पोचत होत्या म्हणून होतं ना ते इथे? आता कुठेही नेता येईल."

तिला हे कधी सुचलं नव्हतं. तिघांनी मिळून टेबल खिडकीपाशी ओढलं. ओढलं दोघांनीच, सासूबाई "इकडे, इकडे, जरा डावीकडे" करत होत्या.

पुढचे दिवस सोपे गेले असं नाही. भूल उतरली की दाढ ठणकते, तसं होत राहिलं. कधी चांगलं वाटायचं, बरेच दिवस काहीच वाटायचं नाही. शॉर्टकट पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. पहिला तिने "सूज कमी झाली आहे" हा केला, कारण तो त्या दिवशी सारखा येत होता. नवऱ्याने पुढे वकिलाकडून कागद पाठवले. ते सगळं रीतसर पार पडलं, आणि त्या काळात ती एक-दोनदा त्याच्यावरही ओरडली. महिन्यातून एकदा तो येतो आणि आईला फिरायला नेतो. सासूबाई परत आल्या की त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत, तीही विचारत नाही.

खिडकीपाशी उजेड चांगला आहे. दुपारी मात्र ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि अक्षरं दिसेनाशी होतात. तेव्हा ती हेडफोन काढते, पडदा अर्धा ओढते, आणि डॉक्टरांना मधेच थांबवून थोडा वेळ बाहेर रस्त्याकडे बघते.